टेक्श्चर्ड फ्रिंज: कपाळावरची झुलपे कापून घेण्याची, बसवण्याची आणि राखण्याची रीत

माथ्यावरचे केस पुढे आणून कपाळावर सोडायचे, पण त्यांची टोके एका रेषेत न ठेवता मुद्दाम कमी-जास्त लांबीची कापायची, म्हणजे कपाळावर केसांचा सलग पडदा न पडता सुट्या सुट्या बटा दिसतात. या रचनेला टेक्श्चर्ड फ्रिंज म्हणतात. कानांच्या वरचे आणि मानेवरचे केस बहुधा आखूड असतात, त्यामुळे सगळे लक्ष माथ्यावर आणि कपाळावर राहते. दिसायला ही रचना सहज हात फिरवून विस्कटल्यासारखी असते आणि म्हणूनच पुष्कळांची समजूत होते की तिच्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. हे विस्कटलेपण कात्रीने आधीच केसांत घालून ठेवलेले असते. ते नसेल तर कितीही वॅक्स लावले तरी केस एकमेकांना चिकटून कपाळावर एकसंध पट्टीसारखे पडून राहतात.

या रचनेचा निम्म्याहून अधिक भार कात्रीवर असतो, उरलेल्यातला बराचसा केस वाळवण्याच्या पद्धतीवर असतो आणि डबीतून बोटावर घेतलेल्या पदार्थाचा वाटा अगदी थोडा असतो, असे माझे अनेक वर्षांच्या सवयीनंतरचे स्पष्ट मत आहे. बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, म्हणजे आधी डबी विकत घेतात आणि केस का बसत नाहीत याचा विचार नंतर करतात. म्हणून या लेखात कापण्याला आणि वाळवण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी आपले केस ओळखावेत

सलूनमध्ये जाण्यापूर्वी घरी एक साधी परीक्षा करून पाहावी. केस धुऊन टॉवेलने टिपावेत, कंगव्याने सगळे पुढे कपाळावर विंचरावेत आणि मग अजिबात हात न लावता आपोआप वाळू द्यावेत. पूर्ण वाळल्यावर आरशात पाहिले की बऱ्याच गोष्टी उघड होतात. केस उजवीकडे झुकतात की डावीकडे, ओले असताना भुवईपर्यंत आलेले टोक वाळल्यावर किती वर चढते, आणि कपाळाच्या केशरेषेवर भोवरा आहे की नाही, हे सगळे त्यात दिसते. केशरेषेवरचा भोवरा असेल तर त्या जागी केस उभे राहतात किंवा फाकून मध्ये फट पडते.

भोवरा असला म्हणून ही रचना करताच येत नाही असे नाही. भोवऱ्यावरचे केस फार आखूड कापले की त्यांना खाली ओढणारे वजन राहत नाही आणि ते ताठ उभे राहतात. म्हणून त्या जागी लांबी थोडी जास्त ठेवावी लागते आणि केस विरळ करणारी दातेरी कात्री तिथे मुळीच चालवू नये. ही गोष्ट कारागिराला आपणहून सांगावी, कारण ओल्या आणि विंचरलेल्या केसांत केशरेषेवरचा भोवरा सहज नजरेतून सुटतो.

चेहऱ्याच्या आकाराविषयी फार नियम सांगितले जातात, पण त्यातले उपयोगाचे थोडेच आहेत. फ्रिंज कपाळ झाकते म्हणून चेहरा आखूड दिसतो, ही त्यातली मुख्य बाब. चेहरा लांबट किंवा कपाळ मोठे असेल तर हाच परिणाम हवासा वाटतो. चेहरा गोल असेल तर फ्रिंज विरळ ठेवून बटांमधून कपाळ दिसू द्यावे आणि माथ्यावर थोडी उंची राखावी, एवढे पुरते.

खुर्चीत बसल्यावर काय सांगावे

नुसते “टेक्श्चर्ड फ्रिंज कापा” एवढे सांगून भागत नाही, कारण त्या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या लांबीच्या रचना मोडतात. छायाचित्र दाखवणे उत्तम, पण छायाचित्रातल्या व्यक्तीच्या केसांचा पोत आपल्या केसांसारखा असेल याची काळजी घ्यावी. कुरळ्या केसांच्या माणसाने सरळ केसांच्या रचनेचे छायाचित्र दाखवले तर कारागीर कितीही कुशल असला तरी निराशा ठरलेली. छायाचित्राबरोबर लांबी बोटांनी दाखवून सांगावी. माथ्यावर साधारण ७ ते १० सेंटिमीटर, डोक्याच्या भोवऱ्याकडे त्याहून थोडी कमी आणि कपाळाकडे येताना वाढत जाणारी, असा उतार बहुतेकांना शोभतो. मागचे केस पुढच्यापेक्षा किंचित आखूड ठेवण्यामागे कारण आहे. आखूड केस लांब केसांना मागून आधार देतात, त्यामुळे फ्रिंज चपटी न पडता मुळाशी थोडी उचललेली राहते.

फ्रिंजचे टोक वाळल्यावर कुठे यायला हवे, हे स्वतंत्रपणे सांगावे आणि “वाळल्यावर” या शब्दावर भर द्यावा. ओला केस पाणी शोषून फुगतो आणि सहज ताणला जातो. ओल्या केसाची लांबी ओढल्यावर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. कारागिराने ओले केस बोटांच्या चिमटीत ताणून भुवईच्या रेषेवर कापले तर वाळल्यावर ते भुवईच्या बरेच वर जाऊन बसतात, आणि केसांत वळण असेल तर आणखीच वर. माझ्या बाबतीत एकदा नेमके असेच झाले होते आणि पुढचे दोन महिने कपाळावर ताठ उभी झुलपे घेऊन वावरावे लागले. त्यानंतर मी प्रत्येक वेळी अशी विनंती करतो की बाकीचे केस ओले असताना कापा, पण फ्रिंज थोडी लांब ठेवा, ड्रायरने वाळवा आणि शेवटची छाटणी कोरड्या केसांवर करा. याला पाच-सात मिनिटे जास्त लागतात. चांगला कारागीर या विनंतीने नाराज होत नाही, उलट त्याचेही काम सोपे होते.

आता टेक्श्चर कसे येते ते. मुख्य पद्धत पॉइंट कटिंगची. तिच्यात कात्री केसांना आडवी न धरता जवळजवळ उभी धरतात आणि टोकांत खाचा पाडल्यासारखे छोटे छोटे काप घेतात. त्यामुळे शेजारशेजारच्या केसांची लांबी थोडी थोडी वेगळी होते, टोके सुटी पडतात आणि आडवी रेषा मोडते. खाचा उथळ असतील तर टोके नुसती मऊ होतात, खोल असतील तर बटा ठळक होतात. दाट आणि जाड केसांत कारागीर थिनिंग कात्रीही वापरतात. तिच्या एका पात्याला दाते असतात आणि ती काही केस कापून काही सोडते. तिचा उपयोग बेताने व्हावा असे मी आग्रहाने सांगेन. मुळाजवळ चालवली तर आखूड राहिलेले केस वाढताना लांब केसांना खालून ढकलतात आणि दोन-तीन आठवड्यांनी डोके फुगल्यासारखे दिसते. टोकांकडच्या निम्म्या लांबीतच ती चालवावी. वस्तऱ्याने टोके निमुळती करणारेही कारागीर आहेत. सरळ केसांत ती धार सुंदर उतरते, पण कुरळ्या किंवा आधीच कोरड्या पडलेल्या केसांत टोके फुटून भुरभुरीत होतात, म्हणून तिथे वस्तरा नको म्हणावे.

फ्रिंजची रुंदीही ठरवून घ्यावी. माथ्यावरच्या एका बिंदूपासून दोन्ही भुवयांच्या बाहेरच्या टोकांपर्यंत रेषा ओढल्या तर जो त्रिकोण होतो, तेवढेच केस फ्रिंजमध्ये यावेत. त्याहून रुंद घेतली की कानशिलावरचे केसही पुढे येतात आणि चेहरा टोपी घातल्यासारखा दिसतो.

बाजूंसाठी क्लिपरच्या, म्हणजे केस कापायच्या यंत्राच्या गार्डचे (लांबी ठरवण्यासाठी त्यावर बसवायच्या कंगव्यासारख्या टोपणाचे) क्रमांक सांगता आले तर गैरसमज टळतो. बहुतेक क्लिपरमध्ये १ क्रमांकाचा गार्ड सुमारे ३ मिलिमीटर, २ क्रमांकाचा ६, ३ क्रमांकाचा १० आणि ४ क्रमांकाचा १३ मिलिमीटर केस ठेवतो. पहिल्यांदाच ही रचना करून घेणाऱ्याने ३ किंवा ४ पासून सुरुवात करून सौम्य फेड, म्हणजे खाली येताना हळूहळू आखूड होत जाणारी कापणी, घ्यावी. अगदी कातडीपर्यंत उतरलेला फेड पहिल्या आठवड्यात उठून दिसतो खरा, पण तो तितक्याच लवकर पुसट होतो.

वाळवणे हेच खरे बसवणे

केस पाण्याने मऊ का होतात आणि वाळल्यावर त्याच आकारात का राहतात, हे एकदा समजले की पुढचे सारे सोपे होते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे जे बंध असतात त्यांतले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि पाणी उडून गेले की पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल तोच आकार पुढच्या धुण्यापर्यंत किंवा दमटपणा लागेपर्यंत टिकतो. याचा अर्थ असा की केस ओले असतानाची काही मिनिटेच आपल्या हातात असतात. केस वाळून गेल्यावर भोवरा दाबत बसणे व्यर्थ आहे, तो पुन्हा भिजवावाच लागतो.

म्हणून केस धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नयेत, दाबून पाणी टिपावे. घासल्याने केसांवरचे खवले उचकटतात आणि केस भुरभुरतात. पाणी निथळणे थांबले, पण केस हाताला ओले लागत आहेत, अशा अवस्थेत ड्रायर हाती घ्यावा आणि फ्रिंजपासून सुरुवात करावी. बहुतेक जण मागून पुढे येतात आणि तोवर कपाळावरचे केस आपापल्या मर्जीने वाळून बसलेले असतात. कपाळावरचे केस संख्येने थोडे आणि मोकळ्या हवेत असल्याने सर्वांत आधी वाळतात, म्हणून पहिला मान त्यांचा.

ड्रायरला चपट्या तोंडाची नळी लावावी, उष्णता मध्यम ठेवावी आणि तोंड केसांपासून साधारण १५ सेंटिमीटर दूर धरावे. हवा वरून खाली, म्हणजे मुळाकडून टोकाकडे यावी. दुसऱ्या हातातल्या कंगव्याने किंवा नुसत्या बोटांनी फ्रिंज आधी पूर्ण उजवीकडे न्यावी, मग पूर्ण डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि हे करताना केस कपाळाला टेकलेले ठेवावेत. हवेचा झोत हाताबरोबर फिरत राहावा. अशा आलटून-पालटून नेण्याने मुळांचा कोणताही एक कल पक्का होत नाही, भोवऱ्याचा हट्ट मोडतो आणि फ्रिंज शेवटी सरळ खाली पडते. या एका कृतीने माझ्या स्वतःच्या भोवऱ्याचा प्रश्न सुटला, जो त्याआधी कोणत्याही वॅक्सने सुटला नव्हता. केशरेषेवर भोवरा असणाऱ्या प्रत्येकाने निदान आठवडाभर ती करून पाहावी, कारण पहिल्या दोन दिवसांत हाताला लय सापडत नाही.

फ्रिंज जवळजवळ वाळली की माथ्याकडे वळावे. इथे उलट हवे असते. केस मुळाशी उचललेले हवेत, म्हणून बोटांनी केस वर उचलत, चुरगाळत, वेगवेगळ्या दिशांना ढकलत वाळवावेत, पण एकूण कल डोक्यामागच्या भोवऱ्याकडून कपाळाकडे ठेवावा. बाजूचे आखूड केस उभे राहत असतील तर तळहाताने दाबून त्यावर हवा सोडावी. शेवटी ड्रायरचे थंड हवेचे बटण दाबून अर्धा मिनिट सगळ्या डोक्यावर हवा फिरवावी. गरम केस लवचीक असतो, तो गार होईपर्यंत त्याचा आकार पक्का होत नाही आणि गरम असतानाच हात लावला तर केलेली मेहनत वाया जाते.

ड्रायर नसेल किंवा वापरायचा नसेल तर ओली फ्रिंज बोटांनी आलटून-पालटून तशीच घोळवावी, मग हवी तशी पाडून सोडून द्यावी आणि वाळेपर्यंत तिला स्पर्श करू नये. वळणदार केसांना ही पद्धत अनेकदा ड्रायरपेक्षा चांगली मानवते.

केस सरळ करणारी इस्त्री या रचनेत क्वचितच लागते. लागलीच तर ती पूर्ण कोरड्या केसांवरच फिरवावी. ओल्या केसावर तापलेली इस्त्री फिरवली की केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या पुढे नेऊ नये आणि बारीक केसांसाठी त्याहूनही कमी ठेवावे.

डबी, बाटली आणि भुकटी

बाजारात पदार्थांची गर्दी असली तरी त्यांचे काम मोजकेच आहे. काही पदार्थ केसांचे एकमेकांवरचे घर्षण वाढवतात, काही केसांना चिकटवून धरतात. या रचनेला घर्षण जास्त आणि चिकटपणा कमी हवा असतो, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तर लेबल वाचून निवड करता येते.

मिठाच्या पाण्याचा फवारा, ज्याला सी सॉल्ट स्प्रे म्हणतात, तो वाळवण्याच्या आधी मारायचा असतो. पाणी उडून गेल्यावर केसांवर मिठाचे सूक्ष्म कण राहतात, त्यांनी केस किंचित राठ होतो आणि एकमेकांवरून घसरत नाही. पाच-सहा फवारे पुरेत, तेही मुळांकडे आणि माथ्यावर, फ्रिंजच्या टोकांवर अगदी नाममात्र. मीठ केसांतला ओलावा ओढून घेते, म्हणून कोरड्या किंवा रंगवलेल्या केसांवर ते रोज वापरू नये.

क्ले हा डबीत मिळणारा घट्ट लेप या रचनेचा सर्वांत विश्वासू सोबती. त्यात बेंटोनाइट किंवा केओलिन यांसारखी माती असते, ती केसांवरचे तेल शोषते आणि चमक कमी करते, त्यामुळे बटा सुट्या आणि नैसर्गिक दिसतात. याउलट पोमेड या चमकदार लेपाने केस ओले आणि चिकट दिसतात आणि कपाळावर त्यांचे पट्टे तयार होतात. पोमेड मागे वळवलेल्या केसांसाठी चांगले आहे, इथे नाही. क्ले हरभऱ्याच्या दाण्याएवढी घ्यावी, दोन्ही तळहातांत घासून तिचा गोळा पूर्ण नाहीसा होऊ द्यावा आणि पूर्ण वाळलेल्या केसांत डोक्याच्या मागच्या भागापासून, मुळाकडून वर, हात घालावा. हातावर जे उरले असेल तेवढेच फ्रिंजला मिळावे. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एकेक बट धरून टोकाला हलकेच पीळ द्यावा. चार-सहा बटा पुरतात. प्रत्येक बट वेगळी काढायला गेले की कपाळ काटेरी दिसू लागते.

बारीक किंवा विरळ केसांना क्ले जड होते. त्यांच्यासाठी टेक्श्चर पावडर, म्हणजे सिलिका असलेली हलकी भुकटी, अधिक योग्य आहे. ती माथ्यावर मुळांत चिमूटभर भुरभुरावी आणि बोटांच्या टोकांनी चोळावी, केस लगेच उभारी धरतात. तिच्यामुळे केस हाताला कोरडे आणि गुंतलेले लागतात, हा तिचा गुणधर्मच आहे. मात्र ती लावल्यावर कंगवा फिरवू नये आणि त्याच रात्री केस धुवावेत. हेअर स्प्रेची गरज दमट किंवा वाऱ्याच्या दिवशीच भासते. तो हातभर अंतरावरून एकदाच मारावा.

केसांच्या पोताप्रमाणे बदल

सरळ, जाड आणि ताठ केसांना ही रचना शिकवावी लागते. त्यांच्यात खोल पॉइंट कटिंग हवे, लांबी थोडी जास्त हवी आणि वाळवताना घाई नको. असे केस बाजूंना साळिंदरासारखे उभे राहतात, म्हणून बाजू जरा जास्त आखूड ठेवलेल्या बऱ्या. अशा केसांना कायमचे हलके वळण देण्यासाठी काही जण पर्म करून घेतात. त्यात रसायनाने केसातले डायसल्फाइड बंध तोडून वळणदार आकारात पुन्हा जोडले जातात. पाण्याने न सुटणारे हे बंध असल्याने वळण टिकते, पण केसाची काही ताकद त्यात खर्च होते. ब्लीच केलेल्या केसांवर पर्म करणे मी धोक्याचे समजतो, तिथे केस अक्षरशः हातात येऊ शकतात. पर्म झाला तरी नवे केस मुळातून सरळच येणार, हेही विसरू नये.

वळणदार केस या रचनेसाठी जणू घडलेले असतात. त्यांना ड्रायरच्या झोताने सरळ करण्याचा मोह टाळावा, फवारा मारून हाताने चुरगाळावेत आणि वाळू द्यावेत. कुरळ्या केसांत फ्रिंज कोरडी असतानाच, एकेक वळण पाहून कापायला हवी, कारण प्रत्येक वळण वेगवेगळे आखडते. वाळवायचे झाले तर ड्रायरला डिफ्यूझर, म्हणजे हवेचा झोत पसरवणारे रुंद तोंड, लावून, मंद हवेवर. कुरळ्या केसांना मीठ आणि मातीपेक्षा थोडे लीव्ह-इन (न धुता केसांतच राहू द्यायचे) कंडिशनर किंवा हलके क्रीम जास्त उपयोगी पडते.

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस मागे सरकू लागलेल्यांना ही रचना आधार देते, कारण ती ते कोपरे झाकते. पण झाकण्यासाठी फ्रिंज फार लांब ठेवली तर उलट विरळपणा उघडा पडतो. लांब, विरळ केस एकत्र येऊन दोऱ्यांसारखे लोंबतात आणि मधली त्वचा दिसते. अशा वेळी फ्रिंज भुवईच्या बोटभर वर ठेवावी, टोके कमीत कमी विरळ करावीत आणि भुकटीखेरीज काही लावू नये. केस अचानक किंवा चकत्यांनी गळत असतील तर केशरचनेने तो प्रश्न झाकत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

दिवसभर आणि दुसऱ्या दिवशी

फ्रिंजचा खरा शत्रू कपाळ आहे. कपाळावर तैलग्रंथी दाट असतात आणि घामही तिथे आधी येतो, त्यामुळे बाकीचे केस स्वच्छ असतानाही फ्रिंज दुपारपर्यंत तेलकट होऊन चिकटते. हात तर दिवसभर तिकडे जातच असतो आणि प्रत्येक स्पर्शाने थोडे तेल वाढते. यावर रोज सगळे डोके शाम्पूने धुणे हा उपाय करू नये, माथा त्याने कोरडा पडतो. माथ्यावरचे केस मागे क्लिपने अडकवून केवळ फ्रिंज थोड्या शाम्पूने बेसिनवर धुवावी आणि पुन्हा आलटून-पालटून वाळवावी. पाच मिनिटांत सगळी रचना ताजी दिसते, कारण नजर तिथेच जाते. संपूर्ण डोके एक दिवसाआड किंवा केस कोरडे असतील तर आठवड्यातून दोनदा धुणे बहुतेकांना पुरते. ज्यांना रोज खूप घाम येतो त्यांनी मधल्या दिवशी नुसते पाणी आणि कंडिशनर वापरावा. कंडिशनर टोकांना लावावा, फ्रिंजच्या मुळांना लावू नये.

सकाळी उठल्यावर केस एका बाजूला दबलेले असतील तर वाळलेल्या केसांवर क्लेचा दुसरा थर चढवण्याची चूक पुष्कळ जण करतात. आदल्या दिवशीची क्ले केसांत असतेच. हात ओले करून मुळे भिजवावीत, कालची क्ले त्याने पुन्हा मऊ होते, आणि मग वाळवावे. नवे काही लावायची गरज सहसा पडत नाही. हेल्मेट घालणाऱ्यांनी सकाळी वाळवून घ्यावे, पण क्ले मात्र पोहोचल्यावर लावावी. हेल्मेट घालताना फ्रिंज मागे सारावी आणि काढल्यावर मान खाली घालून बोटांनी केस झटकावेत. हेल्मेटखाली चिकट पदार्थ लावलेले केस दबले की त्याच आकारात बसून राहतात.

केस पूर्ण ओले असताना झोपू नये. वर सांगितलेले हायड्रोजन बंध रात्रभर उशीवर दबलेल्या आकारात जुळतात आणि सकाळी तोच आकार आपल्या वाट्याला येतो.

कपाळाची त्वचा

या भागाकडे फार थोडे लोक लक्ष देतात, म्हणून तो मुद्दाम वेगळा लिहितो. केसांवरचे तेल, मेण आणि क्ले दिवसभर कपाळाला लागत राहिल्याने रंध्रे बुजतात आणि केशरेषेजवळ बारीक पुळ्या येतात. फ्रिंज ठेवायला लागल्यापासून कपाळावर पुटकुळ्या वाढल्या असतील तर मेण व पेट्रोलियम जेली असलेले पदार्थ आधी बंद करावेत, घरी आल्यावर फ्रिंज क्लिपने मागे अडकवावी, कपाळ सौम्य फेसवॉशने धुवावे आणि झोपतानाही केस कपाळावरून दूर ठेवावेत. उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी: हे औषध केसांचा आणि कापडाचा रंग उडवते, म्हणून ते पूर्ण शोषले जाईपर्यंत फ्रिंज खाली सोडू नये. सनस्क्रीनही आधी लावून मुरू द्यावे आणि मगच केस बसवावेत, नाहीतर फ्रिंजच्या टोकांना ते चिकटते.

छाटणी

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटरहून थोडा अधिक वाढतो. भुवईला टेकणारी फ्रिंज त्या हिशेबाने चार आठवड्यांत पापण्यांवर येते. बाजूंचा फेड तीन आठवड्यांत पुसट होतो, माथा मात्र सात-आठ आठवडे चांगला दिसू शकतो. त्यामुळे दर तीन-चार आठवड्यांनी बाजू आणि फ्रिंज, आणि एकाआड एक वेळी माथा, असा क्रम सोयीचा पडतो.

मधल्या काळात टोके डोळ्यांत जाऊ लागली तर घरी छाटता येतात, मात्र संयम हवा. केस कापायचीच धारदार कात्री घ्यावी. कागद कापायच्या बोथट कात्रीने केस चेमटतात आणि टोके फुटतात. केस धुऊन, रोजच्या पद्धतीने वाळवून, काही न लावता उजेडात आरशासमोर बसावे. फ्रिंजखेरीज बाकी सगळे केस क्लिपने मागे घ्यावेत. थोडी बट दोन बोटांत सैल धरावी, ताणू नये, आणि ती कपाळापासून किंचित पुढे आणावी, म्हणजे कात्री डोळ्यांपासून दूर राहते. कात्री उभी धरून फक्त टोकांत तीन-चार मिलिमीटरचे काप घ्यावेत. आडवा काप एकही घेऊ नये, तो एकच काप साऱ्या टेक्श्चरची रेषा करून टाकतो. मधून बाहेरच्या बाजूंना जावे आणि कडा मध्यापेक्षा किंचित लांब ठेवाव्यात. दर दोन-तीन कापांनंतर केस सोडून, हलवून पाहावे. थोडे आणखी हवे असे वाटेल तिथे थांबावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी पाहावे, कारण त्याच दिवशी दुसऱ्यांदा हातात घेतलेली कात्री बहुधा जास्त कापते.

वाढवायची झाल्यास

फ्रिंज नको झाली तर ती एकदम मागे वळवता येत नाही, मधले दोन-तीन महिने अवघड जातात. या काळात फ्रिंज मुळीच छाटू नये, पण बाजू आणि मान नियमित कापून घ्यावी, म्हणजे एकूण आकार नीट राहतो. टोके पापण्यांच्या खाली आली की मधोमध किंवा थोड्या बाजूला सैल भांग पाडून केस दोन्हीकडे सोडावेत. वाळवताना त्यांना आधी भांगाच्या विरुद्ध दिशेला न्यावे आणि गार झाल्यावर हव्या त्या बाजूला पाडावे, म्हणजे मुळाशी कमान येते आणि केस डोळ्यांवर न येता गालांकडे वळतात. नाकाच्या शेंड्यापर्यंत लांबी आली की ते कानामागे जाऊ लागतात. तोवर व्यायाम करताना किंवा घरी असताना साधी क्लिप वापरावी. घट्ट रबर किंवा ताणलेला हेअरबँड रोज लावू नये, कारण सततच्या ओढीने केशरेषेवरचे नाजूक केस तुटतात आणि कालांतराने मुळेही कमकुवत होतात.